एका पेटीत बसतील तेवढ्याच

नव्या सुनेनं सासरी फार बोलू नये, हे मला माहेरी घनसावंगीत सगळ्यांनी मिळून शिकवलं. ते सोपं गेलं, कारण मी मुळातच कमी बोलते. फायदा एवढाच, की बोलणारे बोलून विसरून जातात आणि घडलेलं सगळं गप्प बसणाऱ्याजवळ साठत जातं. बदनापूरला येऊन मला अजून वर्ष व्हायचंय. पण मैत्रिणीला फोनवर एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि बहुतेक सगळे सीड्यांचेच असतात.

सीड्या गाण्यांच्या. माझे सासरे, म्हणजे अप्पा, यांचं स्टेशन रोडला कॅसेट-सीडीचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बंद झालं तेव्हा उरलेल्या सीड्या घरी आल्या आणि एका लोखंडी कपाटात राहायला लागल्या. लग्नानंतर ते कपाट आमच्या खोलीत आलं, सीड्यांसकट. माझे कपडे बॅगेतच राहिले. मी काही म्हटलं नाही. सासूबाईंनी म्हटलं.

दसऱ्याला अप्पांचे धाकटे भाऊ बाळूकाका केदारखेड्याहून आले. शेती तेच बघतात. ज्वारीची कणसं भरायला लागली की पाखरं तुटून पडतात. मग शेतात दोऱ्या ताणून जुन्या सीड्या बांधायच्या. उन्हात त्या चमकल्या की पाखरं बसत नाहीत.

"दादा, तुमच्याकडं लई पडल्यात म्हणं," काका म्हणाले.

"पडल्या न्हाईत. ठिवल्यात," अप्पा म्हणाले.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चहाचे कप उचलता उचलता निकाल दिला. "हे बघा, तुम्हाला पाहिजे तशी एक पेटी आणा. एकच. तिच्यात बसतील तेवढ्या तुमच्या. उरतील त्या भावजींच्या ज्वारीला. पोरीनं कपडे किती दिवस बॅगेत ठिवायचे?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे पाहिलं.

* * *

दुकान का बंद पडलं, हे माझा नवरा सागर फार छान सांगतो.

एकदा एक जीपवाला कव्वालीची सीडी मागायला आला. अप्पांनी विचारलं, "गाडीत लावणार?"

"हो."

"खड्ड्यात उडती ती. न्हाई देत. दुसरी कोणती बी घे."

एकाला लग्नाच्या मांडवासाठी सनई हवी होती. त्याला म्हणाले, "मांडवात कोण ऐकून राह्यलंय? घरी ये, बसून ऐक." तो माणूस खरंच घरी आला. चहा प्यायला, सगळी सनई ऐकली, डोळे पुसले आणि काही न घेता गेला.

"अप्पांचा हिशेब साधा होता," सागर म्हणतो. "चांगली सीडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आणि वाईट सीडी गिऱ्हाईक घेत नाही."

दुकान चालायचं ते लग्नांवर. लोक आपल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणून द्यायचे, अप्पा त्याची सीडी करून द्यायचे. त्यातही निम्मे लोक सीडी न्यायला परत आलेच नाहीत. त्या न नेलेल्या लग्नांचं एक पोतं आमच्या माळ्यावर पडून होतं.

* * *

आईंना गाण्यात काडीचा रस नाही, असं त्या स्वतः सांगतात. विशेषतः कव्वालीत.

सकाळी अप्पांनी कव्वाली लावली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "काय टाळ्या वाजवून राह्यले सकाळीसकाळी. बंद करा."

एका सकाळी अप्पा बाहेर गेले होते आणि प्लेअर चालूच होता. मी भाकरी शिकत होते, म्हणजे माझी भाकरी फाटत होती आणि आई ती बघत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "अश्विनी, जा, पुढचं गाणं लाव. आता अडकती ती."

मी बाहेरच्या खोलीत पोचले आणि सीडी अडकली.

* * *

पहिली पेटी सागरनं ऑनलाइन मागवली. पेटी कसली, चेनची काळी बॅग होती ती. आत प्लास्टिकची पानं आणि प्रत्येक पानाला सीडीचे खिसे.

"अप्पा, ह्यात सगळ्या बसतात. एक पण शेतात जात नाही."

अप्पांनी पानं उलटून पाहिली. "आन कव्हरं?"

"कव्हरं फेकायची."

"मंग उद्या तुझा फोटो ठिवतो घरात आन तुला फेकतो."

तरी त्यांनी बॅगेची परीक्षा घेतली. एक सीडी आत घालून बॅग नळाखाली धरली. पाणी गेलं नाही. मग ती गच्चीवरच्या पत्र्यावर, भर उन्हात दिवसभर ठेवली. संध्याकाळी उघडली तर सीडी प्लास्टिकला चिकटलेली. ओढून काढली तेव्हा तिची चंदेरी पापडी निघून आली.

सागरनं ती हातात घेऊन पाहिली. "अप्पा, ही आमच्या लग्नाची आहे."

"मंग? माझी घालू का?"

बॅग परत गेली. लग्नाच्या अजून प्रती होत्या. आजकाल सगळे पेन ड्राइव्ह देतात, पण आमच्या फोटोग्राफरला कोऱ्या सीड्यांचा स्टॉक संपवायचा होता.

* * *

दिवाळीत माझी आई बदनापूरला आली. सासूबाईंनी मला सांगितलं, "चिवड्याचा डबा आण."

आमच्याकडे चिवडा तेलाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात असतो. मी तो आणून पुढ्यात ठेवला. झाकण उघडून माझ्या आईनं हात घातला आणि एक गझलांची सीडी बाहेर काढली. पुन्हा हात घातला. आणखी एक.

ती माझ्याकडे बघत राहिली. लेक कुठल्या घरात दिली, असा तो चेहरा होता.

तेवढ्यात अप्पा आले. "विहीणबाई, बराबर मापाचा डबा हाये बघा. दोन ओळी, कव्हरासकट. हवा जात न्हाई."

चिवडा त्यांनी पिशवीत ओतून खुंटीला टांगला होता.

"सादळला की तो," सासूबाई म्हणाल्या.

"सीड्या सादळल्या असत्या तर?"

पण आठवडाभरानं अप्पांनी स्वतःच सगळ्या बाहेर काढल्या आणि एकेक कव्हर पुसत बसले. "गझलेला लसणाचा वास येऊन राह्यला," ते मला म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसत होतं, म्हणून मी हसले नाही.

* * *

मग अप्पा जालन्याला रशीदचाचांकडे गेले. चाचा पत्र्याच्या पेट्या करतात, मुलीच्या लग्नात देतात तशा. मीही बरोबर होते, सागरला सुट्टी नव्हती म्हणून.

"किस की शादी है, अप्पा?"

"शादी न्हाई. सीड्या ठिवायच्यात. गाण्याच्या."

"अच्छा, बराबर. गुलाब लाल डालूँ के गुलाबी?"

"गुलाब कशाला?"

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "पेटी है ना? गुलाब तो आताइच है."

पेटी तयार होऊन घरी आली. सुंदर होती. झाकणाला रबराची पट्टी, भक्कम कडी, कोपऱ्याला पितळ, आतून मखमल. पण झाकणात आरसा होता. आत एका बाजूला बांगड्यांचा कप्पा होता, पक्का जोडलेला. त्यात ना सीडी बसत होती ना कॅसेट. आणि झाकणावर, दोन गुलाबांच्या मधोमध, सुबक अक्षरांत अप्पांचं नाव होतं: चि. सौ. कां. दत्तात्रय.

अप्पांनी तिथल्या तिथे फोन लावला. चाचांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पेंटर के हाथ को आदत है, अप्पा. पेटी दिखी, लिख डाला. मगर आगे का नाम तो बराबर है ना?"

आईंनी चष्मा लावून झाकण वाचलं. पेटीवरून एकदा हात फिरवला.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. "पाठवणी कधी?"

* * *

पेटी भरायला अप्पांना अख्खा दिवस लागला. एक आत ठेवायचे, दुसरी काढायचे. सागर एकदा म्हणाला, "अप्पा, हे सगळं मोबाइलवर मिळतं." अप्पांनी मान हलवली. "मिळतं की. पर ती ही न्हाई."

पेटीत भजनं गेली, सनई गेली, गझला गेल्या. मला वाटलं होतं कव्वाल्या सगळ्यात आधी जातील. पण त्यांनी त्या एकेक करून बाजूला काढल्या.

"हिला डोक्याला ताप व्हतो त्यांचा," ते मला म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

झाकण लागलं तेव्हा दोन पोती उरली होती. अप्पांनी स्वतः तोंडं बांधून ती व्हरांड्यात नेऊन ठेवली. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरोबर नाही म्हणाले. मी रिकाम्या कपाटात साड्या लावल्या. जागा भरपूर होती. मला ती जरा जास्तच वाटली.

दोन दिवसांनी बाळूकाका आले. अप्पा आधीच फिरायला निघून गेले होते. पोतं आईंनीच काढून दिलं.

"दोन म्हणले व्हते दादा," काका म्हणाले.

"एकच हाये," आई म्हणाल्या. "घट्ट भरलंय."

* * *

हुरड्याला केदारखेड्याला जायचं ठरलं तेव्हा अप्पा यायला तयार नव्हते. आई म्हणाल्या, "चला गुमान. ज्वारी आपली हाये."

लांबूनच शेत चमकत होतं. दोऱ्यांवर सीड्या गरगरत होत्या आणि पाखराचं नाव नव्हतं. आम्ही गोवऱ्यांच्या निखाऱ्यांभोवती बसलो. काका कणसं भाजून चोळून देत होते. अप्पांनी हुरडा हातात तसाच धरला होता. जरा वेळानं ते उठले आणि चष्मा लावून पिकात शिरले.

एका सीडीजवळ थांबले. ती हातानं थांबवून वाचली. मग दुसरी. मग पुढच्या ओळीतली. बराच वेळ आम्हाला त्यांची फक्त टोपी दिसत होती.

परत आले तेव्हा म्हणाले, "बाळू, ही तर मोरेच्या पोरीच्या लग्नाची हाये. ती पल्याडची शिंद्यांच्या थोरल्याची. सगळी लग्नंच बांधलीस की तू. गाण्याची एक बी न्हाई."

"मला काय म्हाईत, दादा? वहिनींनी दिलं ते पोतं बांधलं."

सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. त्या शेंगदाण्याची चटणी वाढत होत्या.

"लग्नाच्या सीडीला पाखरं जास्त भितात," त्या म्हणाल्या.

"खरंय पर," काका म्हणाले. "एक बसंना झालंय."

अप्पा खाली बसले. हातातला हुरडा खाल्ला. मग आणखी मागितला. मग आणखी. पोत्यांचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या सासरी काही प्रश्न विचारत नाहीत, हे तोवर मलाही कळलं होतं.

* * *

परवा दळण काढायचं होतं. आमच्या मागच्या खोलीत ज्वारीची पत्र्याची मोठी कोठी आहे, माझ्या खांद्याएवढी. वर घट्ट झाकण, आत कडुलिंबाचा पाला. ओल जात नाही, कीड लागत नाही, आणि घरातला कुठलाही पुरुष तिला हात लावत नाही. आजवर आई स्वतःच ज्वारी काढायच्या. त्या दिवशी त्यांचे हात कणकेत होते, म्हणून मला म्हणाल्या, "डबाभर काढ."

बाहेरच्या खोलीत अप्पांचा प्लेअर चालू होता. भजन होतं. मी झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना काहीतरी चौकोनी लागलं, कापडात गुंडाळलेलं. जरा वर ओढलं तर आईंच्या जुन्या लुगड्याचा काठ दिसला.

मागून त्यांचा आवाज आला.

"वरची वरची घे गं. खाली कव्वाल्या हायेत."