पेटीला विचारा

नेई माएरेरेच्या घरात खांबाला नारळाच्या हिरांच्या तीन जुड्या टांगलेल्या असत. नव्या माणसाला वाटे, बाईला झाडलोटीचा भारीच सोस दिसतोय. पण त्या जुड्यांनी तिने कधी वीतभर अंगण झाडलं नव्हतं. बेटावर गावं तीन, म्हणून जुड्या तीन. आणि जुडीतला एकेक हीर म्हणजे शाळेत जाणारं एकेक पोर. मूल सहा वर्षांचं झालं की ती झावळीचा नवा हीर सोलून जुडीत खोवायची. कुणाला एक गाठ, कुणाला दोन, कुणाच्या टोकाला दाताने चावल्याची खूण. एकशे अठरा पोरं होती आणि कुठला हीर कुणाचा हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. ती स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. शाळेचे मास्तर तेन ब्वेरेती (आमच्याकडे बाईला नेई म्हणतात, बाप्याला तेन) हजेरीच्या वहीत चुकायचे, तेव्हा वही बगलेत मारून तिच्याकडे यायचे.

हा उद्योग पेटीपायी सुरू झाला. नेई हेदर नावाची एक निवृत्त मास्तरीण नवऱ्याबरोबर शिडाच्या बोटीतून हिंडत हिंडत एकदा बेटाला लागली होती. शाळेत डोकावते तर एका पेन्सिलीचे तीन तुकडे करून तीन पोरं लिहितायत. ती न्यूझीलंडला परत गेली आणि आपल्याच वयाच्या, घरी बसून हात शिवशिवणाऱ्या दहाबारा जणी तिने गोळा केल्या. गॅरेजमधली गाडी बाहेर काढायची आणि आत बसून पेट्या भरायच्या: वह्या, पेन्सिली, दप्तरं, उन्हावर चालणारे दिवे. राजधानीत, तारावात, दोन नर्सबाया त्या पेट्या बंदरातून सोडवून बेटाबेटाच्या जहाजांवर चढवत. शेवटी प्रत्येक बेटावर एक माणूस, जो जहाजाची वाट बघणार आणि पोरं मोजून सामान वाटणार. यातल्या एकालाही दमडी मिळत नव्हती. सातासमुद्रापलीकडच्या बायकांनी तोंडही न पाहिलेल्या पोराच्या मापाचं दप्तर शिवावं आणि ते बरोब्बर त्याच पोराच्या खांद्यावर येऊन बसावं, याचं नेई माएरेरेला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

पहिल्या वर्षी मात्र पुरता बट्ट्याबोळ झाला. पेटी तिच्या घरी उतरली आणि संध्याकाळच्या आत निम्मी रिकामी झाली. कारण बुबुती. नात्यातल्या माणसाने तुमच्या चटईवर बसून ‘बुबुती’ म्हटलं की मागेल ते द्यायचं. नाही म्हणालात तर कुणी मारत नाही, पण तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि आमच्या बेटावर नात्यात नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. नणंदेला दप्तर आवडलं, ते तान्ह्या बाळाच्या लंगोटांसाठी गेलं. चुलत्याने वह्या नेल्या, त्यांच्या पानांत तंबाखू वळली गेली. नेई माएरेरे रात्रभर रडली. मग वर्षभर तिने विचार केला.

दुसऱ्या वर्षी पेटी आली तेव्हा तिने ती घरी आणलीच नाही. सरळ मनेआबात नेली. मनेआबा म्हणजे गावाचं मोठं छप्पर. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा बापजाद्यांपासून ठरलेली, आणि परक्या पाहुण्यांचीही एक जागा ठरलेली. त्या पाहुण्यांच्या जागेवर तिने नवी चटई अंथरली, पेटी वर ठेवली आणि तिला फुलांचा हार घातला.

“ही पेटी माझी नाही,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “ही पाहुणी आहे. पोरांकडे आलीय. ज्याला यातलं काही हवं असेल त्याने तिला विचारावं. हो म्हणाली तर खुशाल न्या.”

म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पाहुण्याकडे बुबुती कोण करणार? त्यात पहिला उठला तो तेन उरिआम, बेटावरच्या एकुलत्या एक इंजिनवाल्या होडीचा मालक, अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने त्याहून. त्याला रात्रीच्या मासेमारीसाठी दिवा हवा होता.

“विचार की, उरिआम,” नेई माएरेरे म्हणाली. “समोरच बसलीय.”

उरिआम पेटीपुढे उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मागून कुणीतरी ओरडलं, “काय म्हणाली रे?” आणि आख्खा मनेआबा हसून हसून आडवा झाला. उरिआम तरातरा निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं तो नेई माएरेरेशी एक अक्षर बोलला नाही.

पेटी मात्र गावाची होऊन गेली. जेवणावळीत तिच्यापुढे पहिलं पान मांडलं जाई, आणि पहिलीतली पोरं ते फस्त करत. मासळी कमी मिळाली की बायका टोमणा मारत, “जा, पेटीला विचारा.” दर वर्षी सामान जसंच्या तसं पोरांच्या हातात पडू लागलं.

या सगळ्याचा एक खर्च होता, तो नेई माएरेरेने गुपचूप भरला. जो मागतो, त्याच्याकडून समोरचा पुढे काहीही मागू शकतो, एरवी कुणी न मागणारी जमीनसुद्धा. म्हणून तिने कुणाकडे काही मागणंच सोडून दिलं. गळ नाही, मीठ नाही, चुलीला विस्तवसुद्धा नाही. नवरा समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही. तिच्याजवळ होता तो आजोबाने खणलेला बाबाईचा, म्हणजे अळूसारख्या कंदांचा खड्डा. गोड्या पाण्यापर्यंत खोल खणलेला, आत माणसाच्या डोक्याहून मोठाल्या पानांखाली बाबाईचे कंद वाढत. त्यातला एक कंद तर नऊ वर्षांचा होता. अख्ख्या बेटावर असा खड्डा दुसरा नव्हता. लग्नकार्यात त्या खड्ड्यातला कंद आला की म्हातारे आधी त्याच्याकडे बघत आणि मग नवरीकडे.

अकराव्या पेटीबरोबर नेई हेदरचं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. शेजारच्या बेटावरच्या मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा जी पोरं पास होतील, त्यांचं तिथलं राहणं, खाणं, शिकणं सगळं या बायका बघणार होत्या. बेटावरून पाच पोरं निघायची ठरली. त्यांत आरोइता नावाची एक पोर होती, बापाविना वाढलेली, वाळूत काठीने गणितं सोडवणारी. परीक्षा सोमवारी सकाळी नऊला. जहाज शुक्रवारी येणार होतं.

गुरुवारी रेडिओवर कळलं की जहाजाचं इंजिन बिघडून ते तारावातच अडकलंय. मास्तर धावत उरिआमकडे गेले. उरिआम म्हणाला, पेट्रोल पोराच्या लग्नाच्या मासेमारीसाठी ठेवलंय. मास्तर दुसऱ्या बेटाचे, नात्यातले नव्हते. त्यांना नाही म्हणण्यात लाज नव्हती.

नेई माएरेरेने ऐकून घेतलं. मग अंघोळ केली, स्वच्छ झगा घातला आणि भर दुपारी गावाच्या मधून चालत निघाली. नणंद मागे लागली.

“अगं वेडी झालीस? तो खड्डा मागेल! वाटच बघतोय नऊ वर्षं.”

“मागू दे.”

“खाशील काय मग? पेटीला विचारशील?”

नेई माएरेरे भरभर चालत राहिली.

उरिआम अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही. “आज पेटीला नाही पाठवलंस?” तो म्हणाला. कुंपणाशी जमलेली माणसं फिदीफिदी हसली.

“पेटी तिच्या जागेवर आहे. आज मी आलेय.” ती त्याच्या चटईवर बसली. “तुझी आई आणि माझा बाप सख्खी मावसभावंडं. बुबुती, उरिआम. तुझी होडी, तुझं इंजिन, आणि जाऊन यायला लागेल तेवढं पेट्रोल. सोमवारी नऊच्या आत पाच पोरं तिथे पोचली पाहिजेत.”

हसणं थांबलं. उरिआमच्या हातातली सुई तशीच राहिली.

“आणि मी मागेन तेव्हा?”

“देईन.”

“काहीही?”

“माझं असेल ते काहीही.”

शनिवारी पहाटे भरतीबरोबर होडी खडकांच्या कडेवरून पलीकडे गेली. नेई माएरेरे वाळूत बसली ती बसलीच. रविवारी दुपारपासून वारा उलटा सुटला. माणसं येऊन तिच्याशेजारी बसत, उठून जात. तिच्यापुढे जेवण ठेवत, कुत्री ते खात. पाच पोरांना समुद्रावर आपण पाठवलंय, हे तिच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. चौथ्या दिवशी होडी परत आली. आत उरिआम एकटा.

“पोचली वेळेवर,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “जहाजाने येतील.” आणि इंजिन खांद्यावर टाकून चालू लागला. त्याचा पोरगा लग्नात डबाबंद मासे वाढून मोकळा झाला.

पाचांतली चार पास झाली. आरोइता पहिली आली. त्या चौघांचे हीर नेई माएरेरेने जुडीतून काढून वेगळे बांधले, आणि खांबाला चौथी जुडी टांगली. चारच हिरांची, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ती मुद्दाम दाखवायची.

आता सगळं बेट उरिआमच्या बुबुतीची वाट बघू लागलं. महिने गेले, वर्ष गेलं. तो खड्ड्यावरून जायचा तेव्हा थांबून आत बघायचा, आणि लोक म्हणायचे, आज मागणार. तो काही मागेना. नेई माएरेरेने मनाची तयारी करून टाकली. देणारच आहोत तर नीटनेटका द्यावा म्हणून तिने खड्डा कधी नव्हता इतका निगुतीने राखला. पानांचं खत घातलं, काठ बांधून घेतले. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या जमिनीला एवढं कुणी जपत नाही. तिला थांबवायची कुणाची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट मात्र ती सगळ्यांपासून लपवत होती. तिच्या डोळ्यांत ढग उतरत होता. तेराव्या पेटीच्या वेळी तिने एका पोराचं दप्तर दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. पोरं बिचारी काही बोलली नाहीत, कोपऱ्यात जाऊन त्यांनी आपापसांत अदलाबदल केली. तिला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळच्या वेळी, उरिआम तिच्या दारात आला आणि चटईवर मांडी घालून बसला.

“बुबुती, माएरेरे.”

“बोल,” ती म्हणाली. “खड्डा तयार आहे.”

“खड्डा नको. पेटी दे मला.”

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“पेटी सांभाळायचं काम,” उरिआम म्हणाला. “जहाजातून उतरवायचं, पोरं मोजायची, वाटायचं. परवा दप्तराचा घोटाळा मी पाहिला.”

खड्डा नेई माएरेरेने मनातून केव्हाच देऊन टाकला होता. पण हे? हे गेलं तर सकाळी उठायचं तरी कशासाठी? तिला उरिआमचा राग आला, स्वतःच्या डोळ्यांचा आला. मग तिला आठवलं, सुटायला वाट आहे.

“माझं असेल ते देईन म्हणाले होते,” ती म्हणाली. “पेटी माझी नाही. कधीच नव्हती.”

“ठाऊक आहे. म्हणून आधी तिलाच विचारून आलो.”

“मग? काय म्हणाली?”

“नाही म्हणाली नाही.”

मग उरिआम जमिनीकडे बघत बोलू लागला. “त्या दिवशी अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं. लाटा आत यायला लागल्या. पाचही पोरं करवंट्यांनी पाणी उपसत होती, एका हाताने. दुसऱ्या हातात पेन्सिल, डोक्याच्या वर धरलेली. मी ओरडलो, टाका त्या पेन्सिली, दोन्ही हात लावा! तर तुझी ती आरोइता मला म्हणते, ‘पेन्सिल पेटीची आहे. तिला विचारा.’”

नेई माएरेरेने तोंडावर हात ठेवला.

“बुडायची वेळ आलीय आणि पोर मला हे सांगतेय! मी म्हटलं, पोरांनो, निदान दातांत धरा. धरल्या. दोन तास, माएरेरे. दातांत पेन्सिली धरून दोन तास उपसत होती. एकाने सोडली नाही. मी चाळीस वर्षं समुद्रावर काढली, असं काही पाहिलं नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तू होतीस म्हणून विचारायचं धाडस होत नव्हतं. आता तुला दिसत नाही.”

ती रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. बऱ्याच वेळाने उठली, खांब चाचपत गेली आणि तिन्ही जुड्या काढून आणल्या. त्याच्या पुढ्यात धरल्या, पण तिची मूठ काही सुटेना. उरिआम हात पसरून तसाच बसून राहिला. शेवटी तिने एकेक बोट उघडलं.

“चौथी तिथेच राहील,” ती म्हणाली. “तिची बुबुती केलीस तर याद राख.”

“नाही करत.”

“आणि नावं पाठ करावी लागतील. सगळी.”

उरिआमने आपल्या जाडजूड बोटांनी पहिल्या जुडीतला एक हीर अलगद उपसला, मोडेल या भीतीने श्वास रोखून, आणि तिच्या हातात दिला. “हा कुणाचा?”

नेई माएरेरेने डोळे मिटले, हिराच्या टोकाची गाठ चाचपली आणि नाव सांगितलं.