वारं फिरलं तेव्हा सुकाणू माझ्याकडे होतं

शिडाच्या बोटीतून समुद्र ओलांडून आलो म्हणून परवा सेनगावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार... आणि तेव्हापासून मी संतापलेलोच आहे.

पाठीमागे बॅनर होता, 'बदलत्या वाऱ्यांना टक्कर देणारे आपले सर'. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, टक्कर वगैरे मी कुणाला दिलेली नाही. पण माइक हातात आल्यावर मी फक्त आभार मानले आणि खाली बसलो.

पहिल्या रांगेत दाजी होते, माझ्या ताईचे यजमान, वसमतचे. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवत होते. ते बघून जास्तच राग आला... त्यांचा, बॅनरवाल्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

दाजी नेव्हीतून रिटायर झालेत. आता लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवून देतात. या वेळी कोचीहून पार सेशेल्स बेटांवर... सोबतचा माणूस ऐनवेळी आजारी पडला आणि मी हौसेने रजा टाकली. आधी दोनदा त्यांच्यासोबत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो होतो, तेवढाच माझा अनुभव.

पहिले बारा दिवस वारा एकाच दिशेचा, सुरेख. मग विषुववृत्ताजवळ त्याने ताळ सोडला. तासाभरात तीन दिशा, मध्येच सरीसोबत झोत, मध्येच काहीच नाही. प्रत्येक वेळी शीड फिरवा, दोर ओढा, बोट वळवा... आणि संध्याकाळी नकाशावर बघावं तर जवळजवळ तिथेच.

मला वाटायचं, दाजी उगाच वाऱ्यामागे पळतायत. अशा वाऱ्याच्या चौथ्या दिवशी मी ओरडलोच, "सरळ काहून न्हाई जात आपण?"

ते दोराची गाठ सोडवत म्हणाले, "सरळ जायला हे तुझं वावर हाय का? वारं सरकलं की बोट सरकव. बाकी मला शिव्या दे, पण मनातल्या मनात."

त्या दुपारी सुकाणू माझ्याकडे होतं.

आमच्याकडे पेरताना तिफण धरणारा समोरच्या बांधावरचं एक झाड नजरेत धरतो आणि ओळ सरळ काढतो. वडिलांनी मला तेच शिकवलं. ओळ वाकडी गेली तर ती पीक निघेपर्यंत गावाला दिसते. मी समोरचा एक ढग धरला आणि ठरवलं, आता हलायचं नाही.

वारा मागून होता. तो हळूहळू उजव्या कानावरून डाव्या कानावर आला. खळ्यावर धान्य उफणलेल्या माणसाला हे कळायला होकायंत्र लागत नाही. मला कळलं होतं... तरी मी बोट वळवली नाही. रागात. निम्मं मुद्दाम.

वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने शिरला. शिडाखालची आडवी दांडी, बूम म्हणतात तिला, एका झटक्यात या टोकाची त्या टोकाला गेली. मध्ये दाजी होते.

खांद्याजवळचं हाड मोडलं. बंदर अजून सहा दिवस लांब. मी ढगाचं सगळं सांगून माफी मागत राहिलो तर म्हणाले, "रडून काय राहिला? तो ढग सोड, वाऱ्याला कान दे."

सहा दिवस ते एका जागी टेकून बसले, दात आवळून, डाव्या हाताने मला दिशा दाखवत. वारा सरकला की मी बोट सरकवत होतो. राग होताच, पण आता तो कुणावर आहे हे मला कळत होतं.

सेशेल्सच्या दवाखान्यातून त्यांनी ताईला फोन केला. "वारं फिरलं, दांडी लागली." एवढंच. मी शेजारीच उभा होतो.

परत येताना विमानात विचारलं, खरं का नाही सांगितलं? खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्ये तुझं हाय. तू सांग."

त्यालाही आता महिना होत आला. परवा माइक हातात होता, तरी ते सांगितलं नाही.

ताई, तू हे वाचशील. वारं फिरलं हे खरं आहे. ते मला कळलं होतं, हेही खरं आहे. ती शाल दाजींची आहे... उद्या पहिल्या बसने घेऊन येतोय. तू जे बोलशील ते दारातच उभा राहून ऐकेन.