आखाजी, जीन बंद असेल त्या साली

इसम नामे चुडामण वल्द वना, जात कुणबी, राहणार धरणगाव, वय अंदाजे पंचेचाळीस. धंदा: कापसाच्या जिनात भोंगा देणे व वेळ राखणे. बांधा सडपातळ, रंग सावळा, डाव्या भुवईवर वाफेने भाजल्याची खूण, उजव्या कानाने ऐकू कमी. व्यसन नाही. कर्ज नाही. कोर्टकचेरी नाही. सन १९२० मधील चार दिवस वगळता हंगामात गैरहजेरी नाही. पत्नी एक, हयात. मुलगी एक, सुस्थळी दिलेली. तिचे माहेरी येणे-जाणे रीतीप्रमाणे. सबब सदर इसम विश्वासू समजण्यास हरकत नाही.

हे वर्णन जिनाचे मुनीम गिरधरभाई यांनी १९२५ साली मालकांसाठी लिहून दिलं. चुडामणला बंद जिनाची राखणही द्यायची होती, म्हणून चौकशी करावी लागली. मुनीमजींनी एकूण एक बाब पडताळून पाहिली. मुलीच्या येण्या-जाण्याबद्दल मात्र त्यांनी खुद्द चुडामणलाच विचारलं आणि तो म्हणाला तसं लिहून टाकलं.

चुडामण खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याच्या हिशोबाने तो खरंच बोलला होता.

जीन दिवाळीनंतर सुरू होई आणि कापूस संपला की बंद पडे. बहुधा चैत्र सरता सरता, किंवा वैशाखाच्या तोंडाशी. पगार तेवढ्या महिन्यांचाच. पोट मात्र बाराही महिने चालू. त्यामुळे चुडामणच्या घरात भिंतीला बारा खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक पुरचुंडी. आषाढाची, श्रावणाची, वैशाखाची म्हणजे आखाजीची, अशा. पगाराच्या दिवशी घरी आला की तो आधी हातपाय धुई आणि मग एकेका पुरचुंडीत पैसे टाकत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. बायको कमलबाईने ज्वारीसाठी हात पुढे केला तर चालू महिन्याच्या खुंटीवरून निघेल तेवढंच. पुढच्या महिन्याला हात लावायचा नाही. गावात दोन वर्षं पाठोपाठ पावसाने दगा दिला तेव्हा शेजारच्या घरांतली भांडी बाजारात गेली. चुडामणची गेली नाहीत. हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं.

वेळेचंही तसंच. जिनातलं घड्याळ त्याच्या ताब्यात. त्याने दोरी ओढली की पाचशे माणसं उठत, पाचशे माणसं जेवत. घरी कमलबाई पाण्याला गेली आणि विहिरीवर बोलत उभी राहिली की परत आल्यावर तो नुसतं विचारी, "यशोदानी माय, इतला येळ कोठे गया?" रागाने नव्हे. हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसं.

यशोदा ही मुलगी. मोठ्या तापाच्या साथीतून वाचली आणि पुढच्याच वर्षी, १९१९ साली, तिचं लग्न झालं. सासर गिरणा नदीच्या पलीकडे, बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नवरा उखर्डू, साधा शेतकरी. सासू तानुबाई, साधी नव्हे.

खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. लिंबाला झोके बांधायचे, खापरावरचे मांडे करायचे, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी आणायच्या. पण लेक आपली आपण येत नाही. बाप नाहीतर भाऊ गाडी घेऊन मुराळी म्हणून जातो तेव्हाच सासू तिला सोडते. मुराळी आला नाही तर लेकीने दारात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या. सालदाराचं सालदेखील आखाजीला संपतं; त्या दिवशी तो धन्याला रामराम करून घरी जाऊ शकतो. सुनेला तेवढीही सोय नाही.

लग्नानंतरची पहिली आखाजी. जीन चालू होतं. चुडामणने चार दिवसांची रजा काढली, गाडी केली, पोरीला आणलं, पोचवलं. मागे ज्याच्याकडे भोंगा दिला होता त्या पठ्ठ्याला एके दिवशी डोळा लागला. भोंगा उशिरा झाला, पाचशे माणसं उशिरा कामाला लागली, आणि तो दंड मालकांनी चुडामणच्या पगारातून कापला. चार दिवसांची मजुरी गेली ती वेगळीच. गाडीभाडं, लुगडं, बांगड्या, गूळ, तूप. त्या वर्षी आषाढाची पुरचुंडी रिकामी लटकली. आषाढभर ती दोघं दिवसातून एकदाच जेवली.

तेव्हा त्याने ठरवलं. पंचांगात दर तिसऱ्या वर्षाला एक जादा महिना येतो, धोंड्याचा. मग सगळे सण पुढे सरकतात आणि आखाजी उशिरा येते. तोवर जीन बंद झालेलं असतं. अशा साली पोरीला आणायचं. मजुरी बुडत नाही, दंड होत नाही, गाडीवालेही रिकामे असतात. इतका सरळ हिशोब आपल्याला आधी कसा सुचला नाही याचंच त्याला नवल वाटलं.

"आनी मधला साल?" कमलबाईने विचारलं.

"मधला साल आखाजी जिनमा सापडस. त्याले मी काय करू?"

"पोर वाट देखी ना."

"तिले निरोप धाडू. समजदार शे ती."

निरोप धाडला. तानुबाईने तो सुनेला चारचौघींत सांगितला. "तुना बापना भोंगा वाजी ऱ्हायना, बाई. तुले आननारा कोनी नही. चाल, गवऱ्या थाप."

यशोदा समजदार होती. तिने गवऱ्या थापल्या.

एकवीसला, हिशोबातल्या पहिल्याच साली, आखाजी खरंच उशिरा आली. पण कापूस इतका पिकला होता की वखारीत मावेना. जीन ज्येष्ठापर्यंत धडधडत राहिलं. मुनीमजी खूश, मालक खूश. चुडामणने दोरी ओढली, पगार घेतला, भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन आला. त्या वर्षी आखाजीच्या पुरचुंडीतून चांगले पैसे शिल्लक राहिले. कापडाचे भाव पुढे उतरले तेव्हा त्याने त्यातून एक हिरवं लुगडं घेऊन ठेवलं, पोरीसाठी. बारीक काठाचं, नव्या नवरीला शोभेलसं.

बावीस आणि तेवीस हिशोबात नव्हतेच.

चोवीसला पुन्हा उशिरा आखाजी. जीन वेळेवर बंद झालं. कमलबाईने अंगण सारवलं, खापर काढून घासलं. आणि आखाजीच्या आठवडाभर आधी मुनीमजी म्हणाले, बॉयलर दुरुस्तीला माणूस यायचा आहे, त्याच्याजवळ कुणीतरी विश्वासू हवा, रोजाचे पैसे मिळतील. बंद जिनात पगार! असं कधी झालं नव्हतं. चुडामणने रात्रभर विचार केला असं म्हणायला हवं, पण तो गाढ झोपला आणि सकाळी हो म्हणून आला.

शेजारी लोटन गाडीवाला राही. फटकळ तोंडाचा माणूस. तो कुंपणावरून म्हणाला, "चुडामण भाऊ, तुमनी पोर परीस गाठ बरी. कापूसनी गाठ तरी दरसाल गाडीमा बठस."

"तुले भाडं पाहिजे, म्हनीसन बोली ऱ्हायना तू."

"पाहिजे ना. फुकट थोडी आनसू? पन भाडं देनारा तरी पाहिजे!"

चुडामण हसला नाही. भाड्याचा मुद्दा त्याला रास्त वाटला. तेवढे पैसे त्याने वेगळे काढून ठेवले.

मग आलं सव्वीस साल. धोंड्याचा महिना आला तोच चैत्राचा; एका वर्षात दोन चैत्र. आखाजी इतकी लांब गेली की जीन बंद होऊन वखारीत चिमण्यांनी घरटी केली होती. दुरुस्ती नव्हती. राखणीला दिवसभर बसावं लागत नसे. पुरचुंडीत भाडं होतं, मांड्यांचे गहू होते, बांगड्यांचे पैसे होते, लुगडं तर केव्हाचं तयार. सहा वर्षांत पहिल्यांदा हिशोबाच्या सगळ्या बाजू जुळल्या. चुडामणने लोटनची गाडी जाण्यायेण्याची ठरवली, घासाघीस करून. कमलबाईने बायका बोलावून लिंबाला झोका बांधून घेतला. ती त्या दिवशी विहिरीवर बराच वेळ उभी होती. चुडामणने विचारलं नाही.

गिरणेपलीकडे पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. घराबाहेर दुसरीच एक गाडी सोडलेली. आत चूल पेटलेली आणि यशोदा खापरावर मांडा टाकत होती. दोन्ही हातांवर मांडा मोठा करत करत तिने बापाकडे पाहिलं. हातातला मांडा तिने आधी खापरावर टाकला.

"आबा! बठा. पानी दे वं कोनी आबाले."

तानुबाई दिवाळीला वारली होती. निरोप चुडामणकडे आला होता. पण ऐन हंगामात आला होता. आता घर यशोदाचं. आणि ज्या घरची सून घरधनीण होते त्या घरी आखाजीला आलेल्या नणंदेचं तिलाच करावं लागतं. उखर्डूने तीन दिवस आधीच जाऊन बहिणीला आणलं होतं. तिची दोन पोरं अंगणात लोळत होती.

"चाल, गाडी आनी शे," चुडामण म्हणाला.

यशोदा हसली. "आते कशी येऊ, आबा? नणंद उनी शे. मांडा कोन करी?"

"मी थांबस दोन दिन. जीन बंद शे. माले बठ्ठा येळ शे."

"तुमले शे, आबा. माले नही ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाची समजूत घालता येते. ती रागावली नव्हती. तिने पुढचा मांडा हातावर घेतला आणि विचारलं, "माय कशी शे?"

"बरी शे. वाट देखी ऱ्हायनी."

तिने खापराखाली लाकूड सारलं.

चुडामणने लुगडं काढून दिलं. यशोदाने हात पुसून ते उलगडलं, बारीक काठावरून बोट फिरवलं. मग माजघरात बसलेल्या नणंदेला हाक मारली. "अक्का, हाई तुले. मना आबांनी आनं." नणंद एकोणीस वर्षांची, तिला ते शोभलं. उखर्डू तिच्यासाठी बाजारातून लुगडं आणणार होता, त्याचा तेवढा खर्च वाचला.

चुडामणला पोटभर जेवायला घातलं. मांडे चांगले झाले होते.

परतीच्या वाटेवर लोटनने बैल हळू चालवले. नदी ओलांडल्यावर म्हणाला, "भाऊ, एक बाजूनं भाडं सोडी देस मी."

"नको. जाण्यायेण्याचं ठरलं होतं," चुडामण म्हणाला. साहेब लोकांशी बोलताना काढायची भाषा त्याने लोटनपुढे काढली आणि पैसे पुरे मोजून दिले.

घराशी गाडी थांबली. कमलबाई धावत बाहेर आली. आधी तिने गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं, मग पुढे येऊन पाहिलं. शेजारच्या बायका झोक्याजवळ उभ्या होत्या; त्यांतल्या दोघी हळूच घरी निघून गेल्या.

"तिनी नणंद उनी शे," चुडामण म्हणाला. "देख, आते नणंदना हिशोब धरना पडी. नणंद एक साल इकडे उनी, ते दुसरा साल..."

"ऱ्हाऊ द्या," कमलबाई म्हणाली.

"आयकी तर ले. एकोणतीसले आखाजी परत..."

"ऱ्हाऊ द्या म्हनस ना."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि चुडामणने तो विषय मिटला असं धरलं. आखाजीची पुरचुंडी तो भरत राहिला. यशोदाला पुढे दोन मुलगे झाले. निरोप येत, निरोप जात. मुनीमजींचा कागद मालकांच्या दप्तरी होता आणि त्यात खाडाखोड करण्याचं कुणाला कारण पडलं नाही.

कमलबाई अठ्ठावीसच्या पौषात वारली, जीन चालू असताना. निरोप ऐकून यशोदा नदी ओलांडून चालत आली. तिला आणायला कुणी गेलं नव्हतं.