मुलुंडहून इंग्लंडचा कारभार

इंग्लंडचा कारभार लंडनहून चालतो, ही निव्वळ अफवा आहे. तो मुलुंड पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरून चालतो आणि माझे शेजारी काका तो चालवतात. रोज सकाळी सात ते दहा, चौकड्यांची लुंगी नेसून, पेपर आणि टीव्हीच्या बातम्यांवरून. जन्म मालवणकडचा, नोकरी भांडुपच्या कारखान्यात फिटरची, विमानात आयुष्यात पाय ठेवलेला नाही. पण एकुलती एक मुलगी, सुजाता, तिकडच्या सरकारी इस्पितळात नर्स म्हणून गेली आणि काकांनी तो अख्खा देशच दत्तक घेतला. तिकडच्या दोन मोठ्या पक्षांना ते ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ म्हणतात, जणू गावच्या भाऊबंदकीतलेच. थोरल्यांनी कर वाढवला की काकांचा चहा गार होतो. धाकट्यांनी इस्पितळांच्या खर्चाला कात्री लावली की काकू दारातूनच आम्हाला हातानं खुणावतात, आज नको, फार तापलेत.

पालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून त्यांच्या दारात आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “गुडघ्याच्या ऑपरेशनला माणसांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं. तुमचा पक्ष काय करणार?”

“काका, पेशंटचं नाव सांगा, उद्याच करून देतो.”

“नाव कोणाकोणाचं सांगू? अख्खं इंग्लंड थांबलंय!”

उमेदवारानं माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. “गटाराचं काम मात्र नक्की करतो,” असं पुटपुटत तो जिना उतरला. “बघितलंस?” काका म्हणाले. “आरोग्य धोरणच नाय यांच्याकडे.”

गेल्या वर्षी एका सकाळी पेपर वाचता वाचताच त्यांच्या छातीत कळ आली. काकूंनी आणि मी त्यांना रिक्षात घालून पालिकेच्या इस्पितळात नेलं. घामानं निथळत असतानाही त्यांचं चालूच, “तिकडे आधी फोनवर विचारतात, कुठे दुखतं, किती दुखतं...”

“काका, गप्प बसा ना!”

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना थेट आत घेतलं. काका कण्हत म्हणाले, “पण रांग? माझा नंबर?”

“आजोबा, हार्ट अटॅकला नंबर नसतो. झोपा.”

आरोग्य धोरणातला हा मुद्दा काकांच्या पेपरात कधी आला नव्हता.

ते वाचले. वॉर्डात माझं मनगट धरून म्हणाले, “सुजाताला कळवू नकोस. तिकडे नर्स कमी आहेत, रजा मिळत नाय.” मी मान डोलावली आणि बाहेर येऊन तिला फोन लावला. तिसऱ्या दिवशी ती बॅगेसकट वॉर्डात हजर. तिनं केसपेपर वाचला, सलाईन तपासलं आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपून गेली. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर मोठ्यानं बोलत होता. काका त्याच्यावर हलकेच खेकसले, “हळू रे. ड्युटीवरून आलीय पोरगी.”

तीन आठवडे राहून ती परत गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तर टीव्ही बंद. त्यांना जरा खुलवावं म्हणून मी विचारलं, “काका, तिकडे निवडणूक आलीय म्हणतात. थोरले की धाकटे?”

त्यांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकानं पुसला.

“थोरले म्हणतात, नर्सांचा पगार वाढवू. वाढवला तर पोरगी तिथेच रवतली. धाकटे नाय म्हणतात. मग कदाचित कंटाळून येईल परत.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आता तूच सांग, बापानं कोणाच्या बाजूनं उभं राहावं?”

आत विळीवर भाजी चिरणाऱ्या काकूंचा हातही थांबला होता.