फाटकावरचे सिंह

वडील सुभेदार म्हणून फौजेतून घरी आले आणि साताऱ्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी नवं घर बांधलं. फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह बसवायचे हे त्यांचं आधीपासून ठरलेलं. वर्दीच्या बटणांवर इतकी वर्षं सिंह वागवला, तो घरापुढं नको का, असं म्हणायचे. आईला हत्ती हवे होते, पण तिचं कोण ऐकतंय!

गवंड्यानं जन्मात सिंह पाहिलेला नव्हता. तो महादेवाच्या देवळाच्या दारावरचा शरभ बघून आला. शरभ हा पुराणातला प्राणी. दिसायला सिंहासारखा, पण सिंहालाही लोळवणारा. त्यामुळं आमच्या सिंहांना आयाळ नावाला, शेपट्या पाठीवर वळलेल्या आणि डोळे बटाट्याएवढे. वडिलांनी त्यांना स्वतः पिवळा रंग दिला.

पुढं सरकारनं सिंहाच्या जागी वाघाला राष्ट्रीय प्राणी केलं. शेजारी एक निवृत्त हवालदार राहायचे. पेपरात ते वाचून ते फाटकातूनच ओरडले, "सुभेदार, तुमचा सिंह रिटायर झाला!"

मी तेव्हा कॉलेजात होते. मला हसू फुटलं. वडील मात्र दुपारी अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठले. घरी आल्यापासून 'रिटायर' हा शब्द त्यांना किती लागायचा, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळी ते स्टुलावर उभे राहून डाव्या सिंहाला काळे पट्टे मारू लागले.

आई बाहेर आली. "आवं, ह्ये काय?"

"सरकारचा हुकूम हाय. आता वाघ."

"पर ह्यो सिंह हाय कुठं? गवंड्यानं शरभ बघून केलाय. त्येला कोण रिटायर करतंय?"

वडील ब्रश धरून तसेच उभे राहिले. मग इतके हसले की स्टूल हलायला लागलं आणि मी पळत जाऊन ते धरलं. दोन पट्टे झाले होते, ते तसेच राहिले. उरलेल्या रंगानं त्यांनी सायकल रंगवली.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी साताऱ्यातल्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी धरली. आई म्हणाली, "पेन्शन हाय की." ते म्हणाले, "घरात बसवत न्हाई." थोड्या दिवसांनी हवालदारांनाही त्यांनी तिथंच लावून घेतलं. सकाळच्या एसटीनं दोघं बरोबर जायचे.