फिनलंडवाला साडू

जगात माझ्या थोरल्या साडूइतका हळू बोलणारा माणूस नसेल, आणि त्याच्याइतकं मोठ्याने ऐकणाराही नसेल. तो ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत सुरुंगांचा इंजिनीयर आहे. म्हणजे दिवसभर जमीन उडवायची आणि घरी आल्यावर कानांना जरा आराम म्हणून फिनलंडचं डेथ मेटल लावायचं. आम्ही सिडनीच्या गिरावीनहून पहिल्यांदा त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा भर दुपारी आतल्या खोलीतून कोणीतरी कोणाचा तरी गळा दाबत असल्यासारखा आवाज आला. मी धावत गेलो. आत साडू खाणीच्या युनिफॉर्मला शांतपणे इस्त्री करत होता. "कोरस आहे," तो म्हणाला, तेही इतक्या हळू की मला ते त्याच्या ओठांवरून वाचावं लागलं.

या प्रकाराला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात, आणि त्यातला 'मेलोडिक' हा शब्द गाळला तर साडूला अपमान वाटतो. गायकाकडे लक्ष देऊ नकोस, गायकाच्या खाली बघ, असं त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खाली दोन गिटारी अगदी लग्नातल्या सनईसारख्या वाजत असतात. वर जो ओरडतोय तो मुलीचा बाप समजायचा, आणि आचारी पळालाय असं धरून चालायचं. हे ऐकल्यापासून मला ते संगीत थोडं कळायला लागलं, पण लग्नांना जायची भीती वाटू लागली. माझी मेहुणी मात्र इतकी वर्षं एकाच मुद्द्यावर ठाम आहे: कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे. त्यामुळे त्यांच्या घरी वरणाला तीन शिट्ट्या होईपर्यंत फिनलंड बंद असतो.

बाकी बँड असंख्य असतात, पण साडूचा बँड एकच. तो त्याला सांगलीच्या इंजिनीयरिंगच्या हॉस्टेलवर भेटला. कोणीतरी गझलांची म्हणून दिलेली कॅसेट त्याने लावली आणि त्यातून हे निघालं. दुसरा कोणी असता तर त्याने कॅसेट परत केली असती. साडूला वाटलं, शायराचं दुःख फारच मोठं दिसतंय, आणि त्याने ती पुन्हा लावली. तेव्हापासून या बँडचं चरित्र तो कीर्तनकारासारखा सांगत आलाय. फिनलंडच्या उत्तरेकडे लाकूडकटाईचं एक गाव, तिथल्या शाळेतली चार पोरं, हिवाळ्यात सूर्य उगवत नाही म्हणून करायला दुसरं काही नाही, अशी सुरुवात. मग पहिली रेकॉर्ड, पहिला दौरा, आणि पहिला गायक बँड सोडून बालवाडीत शिक्षक झाला, हा पहिला करुण प्रसंग. तो मुलांना शिकवताना कुठल्या आवाजात शिकवत असेल, असं मी एकदा विचारलं, तर साडू बराच वेळ विचारात पडला होता.

पुढे दोघे गिटारवादक भाऊ भांडले. धाकटा निघून गेला, त्याच्या जागी कीबोर्डवाला आला, आणि त्याच्या नादी लागून बँडने सरळ गळ्याने गायलेली एक रेकॉर्ड काढली. साध्या माणसासारखं, शब्द कळतील असं गाणं. ती जगभर खपली. साडूने सुतक पाळलं. एरवी लग्नकार्यालाही कवटीचे काळे टी-शर्ट घालणारा हा माणूस वर्षभर इस्त्रीचे शर्ट घालून हिंडला. संसारातलं ते सर्वात सुखाचं वर्ष होतं असं मेहुणी सांगते. महाराष्ट्र मंडळात लोक तिला नवरा बदललास का, असं कौतुकाने विचारत होते. मग बँडला पश्चात्ताप झाला, धाकटा भाऊ परत आला, गर्जना परत आली आणि कवट्याही परत आल्या. मेहुणीने त्या भावाला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्यांच्या मुलीला हे चरित्र पाळण्यातच पाठ झालं होतं. पण ती हायस्कूलला गेली आणि तिला बापाची लाज वाटू लागली. शाळेच्या गेटवर तो कवटीचा टी-शर्ट घालून घ्यायला उभा राहिला की मैत्रिणी पांगेपर्यंत ती झाडाआड थांबायची. तो मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बँडचा विषय निघाला की "बाबा, प्लीज" एवढंच. तो हसून आवाज कमी करायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज वाढला. फोनवर तो खणखणीत बोलायला लागला, तेव्हा आम्हाला वाटलं बढती मिळाली. मग कळलं की त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा झालाय. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा त्याच वाटेवर. खाणीमुळे झालं की फिनलंडमुळे, ते डॉक्टरला सांगता येईना. दोघांनी मिळून केलं असेल, असं ते म्हणाले. मोठे आवाज बंद, असाही हुकूम झाला. आणि नेमक्या त्याच महिन्यात बँडने जाहीर केलं की आता पुरे, निरोपाचा दौरा करून थांबतो. आयुष्यात पहिल्यांदा ते ऑस्ट्रेलियात, आणि चक्क साडूच्याच राज्यात, पर्थला येणार होते.

मेहुणीने साफ नाही म्हटलं. ती रडलीसुद्धा. इतकी वर्षं ऐकलंस ना, आता उरलेल्या कानाने मला ऐक, असं ती म्हणाली. साडूने वाद घातला नाही. त्याने तिकिटाचा विषय बंद केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कामावर गेला. तो शर्ट बघून बहुधा मेहुणीचंच धाबं दणाणलं. तीन दिवसांनी मुलगी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, आय विल टेक हिम. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. कानात बोळे घालायचे आणि स्पीकरपासून लांब बसायचं, या अटींवर परवानगी मिळाली, आणि अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला सिडनीहून माझी नेमणूक झाली. बायकोने परस्पर तिकीट काढलं होतं.

पर्थचं ते जुनं थिएटर अर्धंअधिक रिकामं होतं. आलेले लोक बहुतेक साडूच्याच वयाचे, टक्कल पडलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. बँडही तसाच. ढोलवाल्याचं पोट सुटलं होतं, आणि मोठा भाऊ दोन गाण्यांच्या मध्ये स्टुलावर टेकत होता. पण सुरू झाले आणि जमीन हलली. साडूने बोळे घातले होते, मी स्वतः तपासले. तिसऱ्या गाण्याला तो उठला. छातीवर हात ठेवून, पायांतून येणारा तो धक्का अंगात घेत, तोंड वर करून तो ओरडला. शब्द, सूर, सगळं बरोबर, पोटातून आलेलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वेटरला पाणी मोठ्याने मागितलं नाही, तो. मी पहारेकरी होतो हे विसरलो. त्याच्या शेजारी त्याची मुलगी उभी होती आणि स्टेजकडे न बघता त्याच्याकडे बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर बेस वाजवणारा स्वतःच दारात टेबल मांडून टी-शर्ट विकत बसला होता. मूळ चौघांतला, शेवटपर्यंत टिकलेला. साडू समोर गेला. शेवटी कालगुर्लीहून आलो, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्यावर त्या माणसाचे डोळे चमकले. तोही तिकडे खाणीत लोडर चालवतो. बँडवर घर कधी चाललंच नाही, म्हणाला. मग ज्या भेटीसाठी साडू कॅसेटच्या काळापासून जगला, त्या भेटीत ते दोघे धूळ, डिझेल आणि नाइट शिफ्टबद्दल बोलत राहिले. मागे रांग लागली होती, पण रांगेतल्यांनाही खाणीत रस दिसला. निघताना साडूने बँडच्या नावाचा खरा उच्चार विचारला. त्या नावात डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं इतकी होती की आम्ही ते कधी नीट म्हणू शकलो नव्हतो. त्याने सांगितलं. साडूने उजवा कान पुढे केला, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं आणि मान डोलावली. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर त्याने मुलीला विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

तिने त्याच्यासमोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं. त्याला जमेपर्यंत सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. गाडी ती चालवत होती, तो शेजारी बसला होता आणि मी मागे. सहाशे किलोमीटर सरळ रस्ता, कडेने पाण्याचा जाडजूड पाइप, आणि दुसरं बघायला काही नाही. वाटेतलं मेरेडिन मागे पडलं तेव्हा तिने विचारलं की फिनलंडच्या त्या गावात बँडची सुरुवात कशी झाली होती. तिला सगळं पाठ होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. साडू जरा चाचरला, मग सांगू लागला. लाकूडकटाईचं गाव, न उगवणारा सूर्य, बालवाडी, भावांचं भांडण. तो फार मोठ्याने बोलत होता, आणि त्याला हळू बोल असं कोणी म्हटलं नाही.

कालगुर्लीच्या पाट्या दिसू लागल्या, तोपर्यंत गोष्ट निरोपाच्या दौऱ्यापाशी आली होती. दुपार कलली होती. "आता डावीकडे," साडू म्हणाला. तिने इंडिकेटर दिला, मग बंद केला आणि घराचं वळण मागे जाऊ दिलं.

"बाबा, तो कीबोर्डवाला परत सांग ना," ती मराठीत म्हणाली. "मी नीट ऐकलं नाही."