बत्ता आणि चार महिन्यांचा पगार

भरपाई हातात पडायच्या आधीच मी मुकादमाला मारलं. माझी चूक तेवढीच, असं मी पुष्कळ दिवस मानत होते. मारायला नको होतं असं काही मला वाटलं नव्हतं. पण आधी पैसे, मग बत्ता, हा साधा क्रम विसाव्या वर्षी बाईला कळायला हवा. तेव्हा माझ्या डोक्यावर गुडघ्यापर्यंत पोचणारे केस होते आणि डोक्यात बऱ्यापैकी रिकामी जागा होती.

आम्ही ठाण्याला नौपाड्यातल्या एका चाळीत राहत होतो. आमचे हे खाडीच्या बाजूच्या एका कापडगिरणीत मागावर होते. पन्नासचं दशक निम्मं सरलं असेल. गिरणीने एक पाळी बंद करायचं ठरवलं आणि ज्यांना महिन्याची नोटीस मिळाली त्यांत हे होते. मला तेव्हा पाचवा महिना सरत आला होता.

युनियनचे सेक्रेटरी घरी येऊन नीट समजावून गेले. छाटणीचा कायदा नुकताच झाला होता. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ह्यांची आठ वर्षं भरली होती. मी शेगडीतला कोळसा घेऊन भिंतीवर मांडलं, तर चार महिन्यांचा पगार निघाला. चार महिन्यांनी मी बाळंत होणार होते. मला वाटलं, कायदा करणाऱ्यांनी माझे दिवस मोजूनच कायदा केलाय.

"दोन गोष्टी सांभाळा," सेक्रेटरी म्हणाले. "राजीनामा लिहून दिलात तर दमडी नाही. आणि गैरवर्तनाच्या आरोपाखाली बडतर्फ झालात तरी दमडी नाही. हा महिना तोंड बंद आणि हात खिशात."

ह्यांनी मान हलवली. मी तर जास्तच जोरात हलवली.

आठवडा झाला नसेल, संध्याकाळी मुकादम आला. अंगाने दांडगा, दारातून येताना खांदा तिरका करावा लागे असा. खाटेवर बसला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि मग म्हणाला, "राजीनामा दे. शंभर रुपये आत्ता देतो. भरपाईच्या मागे लागशील तर वर्षभर खेटे घालशील." प्रत्येक राजीनाम्यामागे त्याला गिरणीकडून काही मिळत होतं, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

हे म्हणाले, "नाही."

"अरे, पोटुशी बायको आहे तुझी. तिचा तरी विचार कर."

"तिचाच करतोय."

मुकादमाने कप खाली ठेवला आणि ह्यांच्या कानाखाली वाजवली. हातातल्या अंगठीने कान फाटला. हे भिंतीवर आदळून खाली बसले, तसा तो उठून त्यांच्या बरगड्यांत लाथा घालायला लागला. घाईने नाही. धोबी कपडे आपटतो तसा, एकेक, सावकाश. दर लाथेबरोबर "लिहितोस का?" विचारायचा. ह्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती.

मी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होते. बत्ता लोखंडाचा होता. मी उठले आणि दोन्ही हातांनी तो त्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा येतो, मला वाटलं होतं तसा काही मोठा नसतो. तो वळला तशी दुसरा घातला, तो जबड्यावर बसला. त्याचा एक दात उडून माझ्या कुटात पडला. तो गॅलरीत गेला, जिन्यावरून निम्मा चालत आणि निम्मा घसरत उतरला. मी कूट टाकून दिलं आणि मग बसून थरथरले. त्या थरथरण्यातसुद्धा थोडा तोरा होता. शेजारणी येऊन बघून गेल्या, तेव्हा बत्ता दिसेलसा ठेवला होता मी. काय ती शहाणी.

मुकादम पोलिसांत गेला नाही. तिथे खरं सांगावं लागलं असतं. त्याने गिरणीत सांगितलं की ह्यांनी त्याला मारलं. चौथ्या दिवशी आरोपपत्र आलं, वरिष्ठावर हल्ला. माझे चार महिने एका ओळीत गेले.

त्याच आठवड्यात खाडीच्या वाटेवर मुकादमाच्या दोन माणसांनी ह्यांना गाठलं आणि सायकलच्या साखळीने झोडलं. घरी आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मी कोमट पाण्याने तो सोडवत होते, कापडाबरोबर कातडी येत होती, आणि मी विचारलं, "गिरणीच्या साहेबांना सांगून का टाकत नाही, बायकोने मारलं म्हणून?"

ह्यांनी मागे वळून माझ्या तोंडात मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. शेवटचीही तीच, कारण बत्ता कुठे असतो ते त्यांनाही माहीत होतं.

"बायकोने वाचवलं म्हणून सांगू?" ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या गिरणीत कुठल्या तोंडाने उभा राहू? मीच मारलं. मीच मारलं असंच सांगणार."

म्हणजे बघा. ज्याचं मनगट मोडलं तो म्हणत होता, ह्याने मारलं. ज्याच्यावर आरोप होता तोही म्हणत होता, मी मारलं. आठ वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्यात माझं बाळंतपण बुडत होतं.

सेक्रेटरींनी प्रकरण ठाण्याच्या लेबर ऑफिसात नेलं. सुनावणीला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले. कापडी पिशवीत बत्ता घेऊन गेले, पुरावा म्हणून. हे मुकाट्याने एका बाजूला उभे. मुकादम समोर, हात गळ्यात बांधलेला, जबडा अजून सुजलेला. त्याच्या बाजूला गिरणीचा माणूस.

तिथले साहेब वयस्क होते, चष्म्यावरून बघायचे. मी म्हटलं, "साहेब, मी मारलं."

शिपाईसुद्धा हसला. मुकादम म्हणाला, "ही? हिला पाण्याची घागर उचलवत नाही. नवऱ्याला वाचवायला आलीय."

"बाई, बाजूला बसा," साहेब म्हणाले. मग ह्यांना म्हणाले, "तुम्ही मारलंत ना? कसं मारलंत ते सांगा."

आणि आमचे हे सांगायला लागले. आधी अडखळत, मग रंगात येऊन. "ह्याने हात उगारला, मी तो वरच्या वर धरला. पिरगळला. मनगट मोडलं. मग एक गुद्दा जबड्यावर ठेवला. हा गुडघ्यावर आला, साहेब. माझे पाय धरले. म्हणाला, सोड, चूक झाली. मी म्हटलं, जा."

मी डोक्याला हात लावला. तो माझ्या पोराच्या दुधाचा पैसा होता आणि हे त्यात पाणी ओतत होते. पण मुकादमाकडे लक्ष गेलं, तर त्याच्या कपाळाची शीर फुगली होती.

"पाय धरले? मी?" तो ओरडला. "तुझे? साहेब, हा भिंतीशी कुत्र्यासारखा पडला होता. लाथा घातल्या मी ह्याला. एक बोट उचललं नाही ह्याने. हा माझं मनगट मोडणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "हे भिंतीशी पडले होते. मग मनगट मोडलं कोणी?"

गिरणीच्या माणसाने डोळे मिटून घेतले. मुकादमाला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि तो त्या शाबूत हाताने ह्यांचा गळा धरायला धावला. खुर्ची उलटली, हे टेबलावर उताणे पडले, शाई सांडली. त्याचा अंगठा ह्यांच्या घशात रुतला आणि ह्यांचे डोळे वर गेले. मी पिशवीतून बत्ता काढला. मुकादमाने तो पाहिला आणि हात सोडून भिंतीपर्यंत मागे गेला. सगळ्यांनी त्याला मागे जाताना पाहिलं.

"बाई," साहेब शाई पुसत म्हणाले, "तो खाली ठेवा. माझं समाधान झालं."

आरोप मागे घेतला गेला. ह्यांची छाटणी छाटणीच राहिली आणि चार महिन्यांचा पगार मिळाला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग कल्याणच्या एका कारखान्यात कामाला लागले आणि तिथे जाऊन सांगितलं म्हणे, की मुकादमाला मीच लोळवला होता. पैसे मिळाल्यावर फुशारकी कोणी का मारेना.

मी मात्र रस्त्याने जरा जास्तच ताठ चालायला लागले. मुकादम बाईला भ्यायला, ही गोष्ट गिरणीभर झाली होती. पोरं त्याला पाहून बत्ता कुटल्याचा आवाज काढायची. मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

महिन्याभराने बाजारात मी वांगी निवडत होते. एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. वयाने माझ्याएवढीच असावी. पदर गालावरून ओढून घेतलेला. वांग्यासाठी हात पुढे केला तेव्हा दिसलं, तिची दोन बोटं वाकडी होती, नुकतीच मोडून तशीच जुळू पाहणारी. पदर सरकला. डोळ्याखालचा भाग काळा होऊन आता हिरवा पडत होता, आणि वरच्या ओठामागे दात नव्हते.

"बत्तेवाल्या तुम्हीच ना?" तिने विचारलं.

मी हसून हो म्हटलं. खरंच हसले, ते मला अजून आठवतं.

"मी मुकादमाच्या घरातली," ती म्हणाली.

मी हातातलं वांगं खाली ठेवलं. तिने ते उचललं, दाबून पाहिलं, आपल्या टोपलीत टाकलं आणि भाजीवालीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"ताई, तुम्ही मारलंत ते बरं केलंत. फक्त पुन्हा कधी वेळ आली तर उठणार नाहीत एवढं मारा. अर्धवट मार खाऊन ते घरी येतात, आणि घरी मी असते."